इंजिन खोल बघतं, तरी हरतं: साध्या मूल्यमापनातले नेहमीचे घोटाळे कसे शोधायचे

बुद्धिबळाचं इंजिन स्वतः लिहायला घेतलेल्या माणसाची एक तक्रार ठरलेली असते. चाली बरोबर तयार होतायत, निरुपयोगी फांद्या छाटणारं अल्फा-बीटा चालतंय, सात-आठ प्लाय (एका बाजूची एक चाल म्हणजे एक प्लाय) खोल जातंय, आणि तरी इंजिन असं खेळतं की क्लबातला नवखा पोरगाही त्याला हरवेल. मग निष्कर्ष निघतो की आपलं मूल्यमापन, म्हणजे पटाला गुण देणारा भाग, फारच साधं आहे. त्यावर उपाय म्हणून राजाची सुरक्षितता, प्याद्यांची रचना, हत्तींसाठी मोकळ्या पट्ट्या, उंटांची जोडी असं एकेक घालत जायचं. दोन महिन्यांनी इंजिन आधीपेक्षा कमजोर झालेलं असतं, आणि चूक लपायला जागा मात्र दसपट वाढलेल्या असतात.

या वाटेने मी स्वतः गेलो आहे. नंतर इतरांची इंजिनं तपासून दिली, त्यांतही बहुतेक वेळा तेच निघालं. साधेपणा हा दोष नसतो. साधं मूल्यमापन चुकीचं बसवलेलं असतं, किंवा ते बरोबर असून त्याच्या खालचा सर्च, म्हणजे पुढच्या चाली धुंडाळणारा भाग, अर्धवट असतो, किंवा ताकद वाढली की घटली हे कुणी मोजलेलंच नसतं. म्हणून नवीन काही घालायच्या आधी, आहे ते सरळ आहे का ते बघा. खालचा क्रम मी त्याच हेतूने लावला आहे.

एक गोष्ट गृहीत धरतो: चाली तयार करणारा भाग तपासलेला आहे. सुरुवातीच्या पटावरून परफ्ट, म्हणजे ठरलेल्या खोलीपर्यंतच्या सगळ्या चालींची मोजणी, चालवल्यावर २०, ४००, ८,९०२, १,९७,२८१ आणि ४८,६५,६०९ हे पहिल्या पाच खोल्यांचे आकडे जुळलेच पाहिजेत. जुळत नसतील तर इथेच थांबून ते आधी दुरुस्त करा. चाली चुकत असतील तर मूल्यमापनाबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

साधं म्हणजे किती साधं चालतं?

गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९५० साली छापलेल्या लेखात मूल्यमापनाचं एक सूत्र दिलं होतं. प्यादं १, घोडा आणि उंट ३, हत्ती ५, वजीर ९. दुहेरी, मागे राहिलेल्या आणि एकट्या पडलेल्या प्याद्यांना प्रत्येकी अर्ध्या प्याद्याचा दंड, आणि उपलब्ध असलेल्या प्रत्येक चालीमागे एका प्याद्याचा दहावा भाग बक्षीस. बस. पंचाहत्तर वर्षं झाली, पण हाताने लिहिलेल्या मूल्यमापनाचा सांगाडा तोच राहिला.

आज नवशिक्यांना मी टॉमाश मिखनेव्स्की यांचं सोपं मूल्यमापन वापरायला सांगतो. त्यात प्यादं १००, घोडा ३२०, उंट ३३०, हत्ती ५००, वजीर ९००. हे आकडे उगाच तिरपे नाहीत. १-३-३-५-९ ठेवलं तर घोडा अधिक उंट बरोबर सहा, आणि हत्ती अधिक प्यादंही सहा. मग इंजिन कॅसलिंग झालेल्या राजासमोरच्या एफ२ घरावर घोडा आणि उंट घालून हत्ती-प्यादं घेतं आणि "बरोबरीचा व्यवहार" म्हणून खूश होतं. डावाच्या मध्यात हा व्यवहार सहसा तोट्याचा असतो. ३२० आणि ३३० मिळून ६५० झाले की हत्ती आणि दीड प्यादं मिळाल्याशिवाय इंजिन तिकडे वळत नाही. तीन प्याद्यांसाठी घोडा देण्याची खोडही त्याच फटक्यात जाते.

सोंगट्यांच्या किमतीच्या जोडीला प्रत्येक सोंगटीचा एक ६४ घरांचा तक्ता. घोडा कोपऱ्यात असेल तर उणे ५०, मध्यावर अधिक २०. राजा जी१ वर गेला तर अधिक ३०. सोंगट्यांची किंमत आणि हे तक्ते मिळून मूल्यमापन पुरं होतं. पेस्टो या नावाने ओळखले जाणारे तक्तेही याच जातीचे. रोनाल्ड फ्रीडरिक यांच्या रॉफचेड इंजिनातले, डावाच्या मध्यासाठी वेगळे आणि अंतासाठी वेगळे, आकडे डावांवरून घासून काढलेले. तेवढ्यावर, सर्च नीट असेल, तर इंजिन चांगल्या क्लब खेळाडूला घाम फोडतं.

का, ते समजून घ्यायला हवं. केन थॉम्प्सन यांनी बेल लॅब्जमधल्या त्यांच्या 'बेल' या यंत्रावर १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला एक प्रयोग केला. तोच प्रोग्रॅम, तेच मूल्यमापन, फक्त सर्चची खोली वेगवेगळी ठेवून आपापसांत खेळवला. त्या उथळ पातळीवर एक प्लाय वाढवला की ताकद साधारण दोनशे एलो गुणांच्या (खेळाडूची ताकद मोजायचं माप) घरात वाढत होती. खाली जास्त, वर जाताना कमी. म्हणजे मूल्यमापन न बदलता नुसत्या खोलीने एवढं मिळतं. त्याहून थक्क करणारा प्रयोग डॉन बील आणि माल्कम स्मिथ यांचा, १९९४ सालचा. त्यांनी शेवटच्या घरी, म्हणजे सर्च जिथे थांबतो त्या पटाला, चक्क यादृच्छिक आकडे दिले, म्हणजे फासे टाकून गुण. तरीही खोली वाढवली तसा खेळ सुधारत गेला. कारण ज्या बाजूला जास्त चाली उपलब्ध, तिला जास्त फासे टाकायला मिळतात, आणि जास्त फाशांतून मोठा आकडा निघण्याची शक्यता जास्त. सोंगट्यांच्या मोकळेपणाचं मूल्य सर्चने आपोआप शोधून काढलं.

हे एकदा डोक्यात बसलं की निदान सोपं होतं. फासे टाकूनही खोलीबरोबर खेळ सुधारतो, तर तुमचं सोंगट्या-आणि-तक्ते वालं इंजिन खोल जाऊनही सुधारत नसेल, तर साधेपणाकडे बोट दाखवू नका. कुठेतरी चूक आहे.

पहिली चाचणी: पायऱ्या बांधा

तुमच्या इंजिनाच्या तीन आवृत्त्या करा. पहिलीत फक्त सोंगट्यांची किंमत. दुसरीत किंमत आणि तक्ते. तिसरीत तुम्ही आजवर घातलेलं सगळं. सर्च तिन्हींत अक्षरशः सारखा. यांना एकमेकांविरुद्ध खेळवा.

पहिली आवृत्ती सुरुवातीच्या पटावर ए२-ए३ किंवा तसलंच काहीतरी खेळेल, कारण तिच्या लेखी सगळ्या चालींना शून्य गुण आहेत आणि यादीतली पहिली चाल जिंकते. घोडा बाहेर काढावा, राजा लपवावा हे तिला सांगितलेलंच नाही. दुसरीने पहिलीला सपाटून हरवलं पाहिजे, अटीतटीने नव्हे. तसं झालं नाही तर घोटाळा तक्त्यांत आहे. दुसरी ठीक आहे पण तिसरी दुसरीकडून हरते, तर घोटाळा तुमच्या नव्या भरीत आहे. एका संध्याकाळच्या या कामाने शोधायची जागा निम्म्याहून कमी होते. लोक हे टाळतात आणि थेट कोड वाचत बसतात, याचं मला वाईट वाटतं.

तक्ता उलटा बसलाय

सगळ्यात जास्त वेळा सापडणारी चूक हीच, आणि सगळ्यात चिवटही हीच.

तक्ता फाइलमध्ये लिहिताना आपण तो पट समोर ठेवल्यासारखा लिहितो: वरची ओळ म्हणजे आठवी रांग, खालची ओळ म्हणजे पहिली. पण बऱ्याच इंजिनांत घरांचे क्रमांक ए१ ला शून्य धरून सुरू होतात आणि एच८ ला ६३ वर संपतात. तक्त्यातला शून्यावा आकडा मात्र ए८ चा आहे. म्हणजे पांढऱ्या सोंगट्या सगळा तक्ता पालथा वाचतात.

मिखनेव्स्कींच्या प्याद्यांच्या तक्त्यातला ई पट्टीचा भाग घ्या. बरोबर वाचला तर ई२ वर उणे २०, ई४ वर अधिक २०, ई७ वर अधिक ५०. ई२-ई४ खेळलं की ४० गुणांचा फायदा. उलटा वाचला तर ई२ वरच्या प्याद्याला सातव्या रांगेचे ५० मिळतात आणि ई४ वर गेल्यावर २५ उरतात. म्हणजे डावातली सगळ्यात स्वाभाविक चाल इंजिनाला २५ गुणांचा तोटा वाटते. प्यादी घरातून हलत नाहीत. राजाचं त्याहून वाईट. ई१ वर त्याला उणे ५० दिसतात आणि पुढच्या रांगांत आकडे चढत जातात, सातव्या रांगेच्या कोपऱ्यांत तर अधिक २०. त्यामुळे जरा पट मोकळा झाला की राजा निघालाच पुढे.

घोडे मात्र एकदम शहाण्यासारखे वागतात! जी१ वरून एफ३ वर गेलेल्या घोड्याला बरोबर तक्त्यातही ५० गुणांचा फायदा आणि उलट्या तक्त्यातही ५० गुणांचाच, कारण घोड्याचा तक्ता वर-खाली जवळजवळ सारखा आहे. म्हणून पहिल्या चार चाली बघून माणसाला वाटतं, तक्ते लागू झालेत की. दोन्ही घोडे बाहेर आले, उंटही आला, मग प्यादी का हलत नाहीत? आणि तो प्याद्यांच्या रचनेचा नवीन कोड लिहायला बसतो.

माझ्या इंजिनात ही चूक तीन आठवडे राहिली, आणि राहण्याचं कारण सांगण्यासारखं आहे. मी आरशाची चाचणी केली होती. कोणताही पट घ्यायचा, रंग बदलून वर-खाली उलटा करायचा, आणि चाल खेळणाऱ्याच्या बाजूने आलेले गुण दोन्हीकडे तंतोतंत सारखे येतात का बघायचं. ही चाचणी उत्तम आहे आणि प्रत्येकाने ती हजारो पटांवर चालवावीच. एकाच रंगाची चूक असेल तर ती लगेच पकडते. पण माझ्याकडे दोन्ही रंग सारखेच उलटे वाचत होते. पांढरा थेट क्रमांकाने, काळा क्रमांकाला ५६ शी एक्सॉर करून, म्हणजे रांगा वर-खाली उलटवून. बरोबर याच्या उलट हवं होतं. दोघांनाही सारखाच चुकीचा तक्ता मिळत असल्यामुळे आरशातलं प्रतिबिंब जुळत होतं आणि सुरुवातीच्या पटाचे गुणही शून्यच येत होते.

तेव्हा आरशाच्या चाचणीला दुसरी जोड द्या. पटावर दोन राजे आणि एकच पांढरं प्यादं ठेवा, आधी ई२ वर, मग ई७ वर. किंमत वगळून नुसते तक्त्याचे गुण छापा. पहिल्याला उणे २० आणि दुसऱ्याला अधिक ५० आले पाहिजेत. मग काळं प्यादं ई७ वर आणि ई२ वर ठेवून तेच. एवढ्या चार आकड्यांत सगळं कळतं.

खोली बदलली की गुणांचं चिन्ह बदलतं

नेगामॅक्स पद्धतीत, जिथे प्रत्येक चालीला गुणांचं चिन्ह उलटवत वर नेतात, मूल्यमापनाने नेहमी ज्याची चाल आहे त्याच्या बाजूने गुण द्यायचे असतात. पुष्कळ जण नेहमी पांढऱ्याच्या बाजूने देतात. परिणाम विचित्र दिसतो. पांढऱ्याची चाल असताना सम खोलीवर शेवटच्या घरी पुन्हा पांढऱ्याचीच चाल येते, म्हणून सगळं ठीक. विषम खोलीवर तिथे काळ्याची चाल येते, आणि इंजिन स्वतःचं नुकसान करणारी चाल हौसेने निवडतं. काळ्याच्या बाबतीत याच्या उलट.

ओळखायची खूण सोपी आहे. इंजिन विचार करताना प्रत्येक खोलीचे गुण छापतं, ते वाचा. एका वजिराने पुढे असलेल्या पटावर खोली ४ ला अधिक ९००, खोली ५ ला उणे ९००, खोली ६ ला पुन्हा अधिक ९००, असं हेलकावे खात असेल तर दुसरं काही शोधू नका. थोडासा चढउतार, वीस-तीस गुणांचा, हा वेगळा विषय. सम-विषम खोलीत शेवटची चाल कोणाची यामुळे तो येतोच आणि त्याने काही बिघडत नाही.

वजिराने प्यादं खाल्लं आणि गणित तिथेच थांबलं

इंजिन अधूनमधून एखादी सोंगटी फुकट देऊन टाकतं, आणि त्या क्षणी त्याचे छापलेले गुण मात्र फायद्याचे असतात. मूल्यमापन बिचारं इथे निर्दोष आहे. पाच प्लायच्या शेवटी वजीर डी६ वरचं प्यादं खातो, सर्च संपतो, मूल्यमापन सोंगट्या मोजतं, अधिक १००. ते प्यादं सी७ वरच्या प्याद्याने राखलेलं होतं आणि पुढच्या चालीला वजीर जाणार होता, हे बघायला कुणी उरलेलंच नाही. हान्स बर्लिनर यांनी याला होरायझन इफेक्ट हे नाव दिलं.

उभ्या पटाचं मोजमाप धुमश्चक्रीच्या मध्यात घेऊ नये, हे शॅनन यांनीही सांगून ठेवलं होतं. उपाय म्हणजे क्वायसन्स सर्च: ठरलेली खोली संपल्यावर थेट मूल्यमापन न करता, खाण्याच्या चाली संपेपर्यंत पुढे जायचं. मूल्यमापन जितकं साधं तितकी याची गरज जास्त. लटकलेल्या सोंगट्या ओळखणारं मूल्यमापन एकवेळ थोडं निभावून नेईल. नुसत्या किंमती मोजणाऱ्याला काहीच आधार नसतो.

तुम्ही म्हणाल, माझ्याकडे क्वायसन्स आहे. तरी दोन जागा बघा. एक, राजाला शह असताना "काही न खाता थांबतो" हा पर्याय दिलाय का? शहात असताना थांबता येत नाही, सगळ्या सुटकेच्या चाली बघाव्या लागतात. निदान पहिल्या पातळीवर तरी. दोन, शह नसताना तो पर्याय द्यायचा विसरलात का? विसरलात तर प्रत्येक खेळाडूला खाण्याची सक्ती होते आणि वजीर राखलेलं प्यादं खाऊन मरतो, या वेळी खालच्या मजल्यावर. तपासायला वर सांगितलेला डी६ चाच पट मांडा आणि खोली १ वर चालवा. इंजिनाने ते प्यादं खाऊ नये.

हळूहळू साचत जाणारी चूक

तक्त्यांची बेरीज प्रत्येक चालीला फक्त फरकाने पुढे नेता येते: जुन्या घराचे गुण वजा, नव्या घराचे मिळवा. साध्या मूल्यमापनाचा वेग यातूनच येतो. चूकही इथेच शिरते. कॅसलिंगमध्ये हत्ती हलवायचा राहतो, आंपासांमध्ये खाल्लेलं प्यादं दुसऱ्याच घरावरून वजा होतं, बढतीत प्याद्याची किंमत काढायची राहते. तपासणीच्या बिल्डमध्ये प्रत्येक नोडवर, म्हणजे सर्चमध्ये आलेल्या प्रत्येक पटावर, गुण पुन्हा शून्यापासून मोजा आणि साचवलेल्या गुणांशी ताडून बघा. फरक पडला की तिथेच प्रोग्रॅम बंद पडू द्या आणि शेवटची चाल छापा. एका मिनिटात गुन्हेगार सापडतो.

वजीर बदलला की इंजिन बावचळतं

राजाला दोन तक्ते लागतात. वजीर-हत्ती असताना त्याने कोपऱ्यात राहावं, डावाच्या अंताला मध्यावर यावं. हे बदलणं "वजीर गेले की दुसरा तक्ता" असं एका झटक्यात केलं तर जी१ वरच्या राजाचे गुण ३० वरून उणे ३० होतात, एका चालीत ६० चा खड्डा. मग इंजिन त्या खड्ड्याकडे बघून वजिरांची अदलाबदल टाळतं, किंवा समोरच्याचा खड्डा मोठा दिसला तर नको तिथे घाईने करतं.

फाब्यॅं लेतुझी यांच्या फ्रूट या इंजिनाने यावरचा उतारा सगळ्यांच्या अंगवळणी पाडला. फ्रूटचं मूल्यमापन तुलनेने आटोपशीर होतं, आणि तरी २००५ साली रेक्याविकच्या संगणक विश्वविजेतेपद स्पर्धेत ते दुसरं आलं. पद्धत अशी: दोन बेरजा ठेवायच्या, मध्याची आणि अंताची. घोडा आणि उंट प्रत्येकी १, हत्ती २, वजीर ४ असे उरलेल्या सोंगट्यांचे गुण मोजायचे. सुरुवातीला ते २४ भरतात. मध्याची बेरीज त्या आकड्याने गुणायची, अंताची बेरीज २४ मधून तो वजा करून उरलेल्याने, आणि एकूण २४ ने भागायचं. बढती होऊन वजीर वाढले तर आकडा २४ च्या वर जातो, तेव्हा तो २४ वर अडवा. ही एवढीशी अट अनेकांकडे नसते.

भर घातली आणि ताकद गेली

आता तिसऱ्या पायरीकडे. समजा तुम्ही मोकळेपणाचे गुण घातलेत, शॅननप्रमाणे प्रत्येक चालीमागे १०. आणि आता वजीर तिसऱ्याच चालीला बाहेर पडतो, पटभर फिरतो, समोरचा त्याला पिटाळत आपल्या सोंगट्या मांडतो. का? मोकळ्या पटावर वजिराला सहज पंधरा-वीस चाली असतात, म्हणजे दीडशे-दोनशे गुण. घोड्याला जास्तीत जास्त आठ. इंजिनाच्या दृष्टीने वजीर फिरवणं हे दोन प्यादी जिंकण्यासारखं झालं. शिवाय घोडा मध्यावर आणल्याचे गुण तक्ता आधीच देतोय. मोकळेपणा त्याच गोष्टीचे पुन्हा देतो. शॅननच्या सूत्रात तक्ते नव्हते, म्हणून तिथे दहाचा आकडा शोभत होता.

वजिराचं वजन एक-दोन गुणांवर आणा, घोडा-उंटाचं चारच्या आसपास ठेवून बघा, आणि तक्त्यांतले मध्याचे गुण त्या मानाने कमी करा. पुढे जाऊन टेक्सेल पद्धत वापरा. पीटर ऑस्टरलुंड यांनी त्यांच्या टेक्सेल इंजिनासाठी ती मांडली. खेळून झालेल्या डावांतले लाखो पट घ्यायचे, प्रत्येकाचा अंतिम निकाल १, अर्धा किंवा ० ठेवायचा, मूल्यमापनाचे गुण एस आकाराच्या सिग्मॉइड वक्रातून जिंकण्याच्या शक्यतेत बदलायचे, आणि दोहोंमधला फरक कमीत कमी होईपर्यंत वजनं हलवायची. हाताने अंदाज बांधण्यापेक्षा हे शतपटीने बरं. पेस्टोच्या घासलेल्या आकड्यांत घोडा मध्यात ३३७ आणि अंतात २८१ निघतो. हा उतार कुणी अंदाजाने इतका नेमका लिहिला नसता.

दुसरा खर्च वेगाचा. प्रत्येक नवीन गोष्ट शेवटच्या घरी मोजायला वेळ लागतो, आणि तिथेच सर्वात जास्त वेळा जावं लागतं. वेग निम्मा झाला तर तेवढी खोली हातची जाते. म्हणून भर घातल्यावर सेकंदाला किती नोड होतात ते आधीच्या शेजारी लिहून ठेवा. इथे एक फसवणूक फार होते: दोन्ही आवृत्त्या ठरावीक खोलीवर, समजा सहा प्लायवर, खेळवल्या जातात. हळू चालणाऱ्या आवृत्तीला त्यात काहीच किंमत मोजावी लागत नाही, ती जिंकते, आणि घड्याळ लावून खेळल्यावर हरते. तुलना नेहमी वेळेवर करा.

वीस डावांवर निर्णय

माझ्या मोकळेपणाच्या गुणांनी पहिल्या वीस डावांत बारा गुण मिळवले. साठ टक्के, म्हणजे सूत्राने सुमारे ७० एलोची वाढ. मी ते कायम ठेवलं. नंतर दोन हजार डाव खेळवले तेव्हा नवी आवृत्ती मागे पडलेली दिसली.

शितावरून भाताची परीक्षा इथे चालत नाही. एक तृतीयांशाच्या आसपास डाव बरोबरीत सुटतात असं धरलं, तर वीस डावांच्या निकालात दोन्ही बाजूंना शंभराहून जास्त एलोची अनिश्चितता असते. शंभर डावांत ती साठच्या आत येते, हजारात वीसच्या आत, दहा हजारांत सहाच्या आसपास. पाच-दहा एलोची सुधारणा शोधायची असेल तर हजारो डाव लागतातच. प्रत्येक बाजूला दहा सेकंद आणि चालीमागे एक दशांश सेकंद, असे छोटे डाव क्यूटचेस किंवा फास्टचेस या इंजिनांना आपापसांत खेळवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये लावून लॅपटॉप रात्रभर चालू ठेवा. सुरुवातीच्या वेगवेगळ्या मांडण्यांचा संच द्या, नाहीतर तोच डाव शंभरदा खेळला जाईल. आणि प्रत्येक मांडणी रंग बदलून दोनदा खेळवा.

कुठे थांबायचं हे एसपीआरटी ठरवतं. अब्राहम वाल्ड यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मांडलेली ही क्रमाक्रमाने तपासायची पद्धत आहे. "वाढ शून्य" आणि "वाढ पाच एलो" अशी दोन विधानं द्यायची, चुकीची मुभा पाच-पाच टक्के, आणि पुरावा एका बाजूला पुरेसा झुकला की चाचणी आपोआप थांबते. मधेच आकडा चांगला दिसला म्हणून हाताने थांबवू नका. त्या वेळी हात शिवशिवतो, मला माहीत आहे.

जिंकलेला डाव बरोबरीत सुटतो

हत्ती आणि राजा विरुद्ध एकटा राजा, आणि इंजिन पन्नास चाली हत्ती इकडून तिकडे हलवत बसतं. इथे मात्र साधं मूल्यमापन खरोखरच अपुरं आहे, आणि काय कमी आहे ते नेमकं सांगता येतं. राजाचा अंताचा तक्ता समोरच्या राजाला कडेला ढकलतो, तेवढं बरं. पण तोच तक्ता आपल्या राजाला मध्यावर ओढून ठेवतो. मात देण्यासाठी आपला राजा समोरच्याच्या जवळ जायला हवा, आणि त्याचे गुण कुणीच देत नाही.

नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या डेव्हिड स्लेट आणि लॅरी अ‍ॅटकिन यांच्या 'चेस' या प्रोग्रॅमच्या चौथ्या मालिकेत याची दोन पदं होती: हरणारा राजा मध्यापासून किती घरं दूर आहे त्याला ४.७ ने गुणायचं, आणि १४ मधून दोन राजांमधलं अंतर वजा करून उरेल त्याला १.६ ने. अंतर मोजायचं ते आडवं आणि उभं मिळून. समोरच्याकडे प्यादं उरलेलं नाही आणि आपल्याकडे किमान एका हत्तीएवढी आघाडी आहे, तेव्हाच हे लागू करा, आणि त्या वेळी आपल्या राजाचा तक्ता बाजूला ठेवा.

हे घालूनही मात होत नसेल तर दोन गोष्टी राहतात. मात दिल्याचे गुण मुळापासूनच्या अंतराने कमी केलेत का बघा. पाच चालींत मात आणि एका चालीत मात यांना सारखेच गुण असतील तर इंजिन जवळची मात कायम पुढच्या चालीवर ढकलत राहतं. आणि तीनदा आलेला पट सर्चला कळतो का बघा. यूसीआयमधून (इंजिन आणि पडद्यावरचा पट यांच्यातली ठरलेली बोली) पट येतो तेव्हा आधीच्या चालींची यादीही येते. ती खेळवून टाकून फक्त शेवटचा पट ठेवलात तर आधी दोनदा येऊन गेलेला पट इंजिनाला नवाच वाटतो. चालींच्या यादीतल्या प्रत्येक पटाची हॅश किल्ली, म्हणजे तो पट ओळखायचा आकडा, साठवा, सर्चमध्ये तिच्याशी जुळवा, आणि जुळली तर शून्य गुण द्या. मग राजा एच८ वर, आपला राजा ई४ वर, हत्ती ए१ वर असा पट मांडून चाल तुमच्या इंजिनाला द्या. उत्तम खेळात कोणत्याही मांडणीतून ही मात जास्तीत जास्त सोळा चालींत होते. तुमचं इंजिन पंचवीसच्या आत पोचलं तर पुढच्या कामाला लागायला हरकत नाही.